बंद गाडीत लहान मूल एकटं दिसलं तर आपण नक्की काय करायचं? काच फोडायची का?

मुग्धा_सिंहगडरोड

नमस्कार मंडळी. परवा रविवारी दुपारी एका मोठ्या दुकानाच्या उघड्या पार्किंगमध्ये गाडी लावून आम्ही उतरलो तर शेजारच्या गाडीत मागच्या सीटवर दीड-दोन वर्षांचं बाळ एकटंच झोपलेलं. इंजिन बंद, काचा बोटभर खाली, आणि ऊन एप्रिलचं. मी काचेवर टकटक केलं तर ते जरा हललं पण डोळे काही नीट उघडेना, केस घामाने कपाळाला चिकटलेले. वॉचमनला हाक मारली तर तो म्हणे मॅडम गाडीला हात लावू नका, अलार्म वाजला की मालक येऊन मलाच बोलतो. दोन-तीन जण थांबले, आत डोकावले, 'असतील इथंच आईबाप, येतील' म्हणाले आणि गेले. नवरा आत अनाउन्समेंट करायला पळाला आणि मी गाडीपाशी थांबले. तेवढ्यात वडील आले पिशव्या घेऊन आणि आल्या आल्या माझ्यावरच चिडले, पाच मिनिटं तर गेलो होतो, काच उघडी ठेवलीये ना, तुमचं काय जातंय. बाळाला बाहेर काढल्यावर ते रडलं, पाणी प्यायलं, ठीक होतं. ते लोक निघून गेले.

पण तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाहीये. समजा ते पाच मिनिटांत आले नसते तर? मी कुणाला फोन करायचा, पोलिसांना की ॲम्ब्युलन्सला? किती वेळ वाट बघायची? काच फोडली आणि बाळ नुसतं झोपलेलं निघालं तर ते लोक माझ्यावर केस करू शकतात का? आणि सगळ्यात मोठी भीती म्हणजे मी कुणाचं तरी मूल गाडीतून उचलून घेतलंय आणि चार लोकांनी ते बघितलं तर त्यांना काय वाटेल? ज्यांना अनुभव आहे किंवा नीट माहिती आहे त्यांनी प्लीज सांगा, नुसतं 'हल्लीचे आईबाप असेच' एवढं नको.

---

डॉक_जळगाव

मुग्धाताई, तुम्ही गाडी सोडून गेला नाहीत हे सगळ्यात महत्त्वाचं केलंत. मी लहान मुलांचा डॉक्टर आहे आणि आमच्या जळगावात मे महिन्यात पारा ४४-४५ ला जाणं काही नवीन नाही, त्यामुळे उन्हाने आजारी पडलेली पोरं आम्ही दर उन्हाळ्यात बघतो.

आधी काच उघडी ठेवण्याबद्दल, कारण हा गैरसमज शिकलेल्या माणसांतही पक्का बसलाय. अमेरिकेत उन्हात उभ्या गाड्यांच्या आतलं तापमान मोजून अभ्यास झाला होता, २००५ मध्ये 'पीडियाट्रिक्स' या मासिकात आला. त्यात दिसलं की बाहेर जेमतेम २२ अंश असलं तरी गाडीच्या आत ४७ पर्यंत जाऊ शकतं, आणि २२ अंश म्हणजे आपल्याकडच्या डिसेंबरच्या दुपारपेक्षाही गार हवा झाली. जेवढं तापमान वाढायचं त्यातलं ८० टक्के पहिल्या अर्ध्या तासातच वाढतं, आणि काच थोडी खाली असल्याने जवळजवळ काहीच फरक पडत नाही. ऊन काचेतून आत येतं, डॅशबोर्ड आणि सीट तापवतं, आणि ती तापलेली वस्तू आतली हवा तापवत राहते. बोटभर फटीतून ती उष्णता निघून जात नाही.

दुसरं, लहान मूल म्हणजे छोटा माणूस नव्हे. त्याचं शरीर मोठ्यापेक्षा तीन ते पाच पट वेगाने तापतं, घाम काढून स्वतःला थंड करायची ताकद कमी असते, आणि सीटबेल्टमध्ये किंवा कार सीटमध्ये बांधलेलं असलं तर पाठीला हवासुद्धा लागत नाही. अंगातलं तापमान ४० च्या वर गेलं की उष्माघात, त्यापुढे मेंदू, किडनी, लिव्हर सगळ्यावर परिणाम व्हायला लागतो.

म्हणून 'किती मिनिटं थांबायचं' या प्रश्नाचं उत्तर घड्याळात नाहीये, ते मुलाकडे बघून ठरवायचं. तुम्ही आलात तेव्हा ते मूल किती वेळापासून आत आहे हे तुम्हाला माहीतच नसतं ना! जोरात टकटक करा, गाडी हलवा, आवाज द्या. मूल रडतंय, तुमच्याकडे बघतंय, हात मारतंय, म्हणजे अजून वेळ आहे, पण तो वेळ फोन करण्यात आणि लोक गोळा करण्यात घालवायचा, निवांत उभं राहण्यात नाही. मूल सुस्त आहे, डोळे उघडत नाही, मान टाकलीये, उलटी केलीये, झटके येतायत, किंवा अंग लालबुंद होऊन घाम यायचा थांबलाय, असं काहीही दिसलं तर वाट बघायची नाही. लोकांना रडणारं मूल बघून घाई सुटते आणि शांत मूल बघून बरं वाटतं, 'झोपलंय हो'. उन्हात बंद गाडीत शांत पडलेल्या मुलाची मला जास्त काळजी वाटते. तुम्ही सांगताय तसं हललं पण डोळे उघडले नाहीत, हे मी तरी हलक्यात घेतलं नसतं.

बाहेर काढल्यावर सावलीत न्या, जवळ एसीचं दुकान किंवा दुसरी थंड गाडी असेल तर तिथे. कपडे काढा. साधं पाणी, बाटलीतलं, नळाचं, मिळेल ते डोक्यावर अंगावर ओता आणि वहीने, पुठ्ठ्याने वारा घाला, ओलं अंग आणि वारा दोन्ही एकत्र पाहिजे. काखेत, मानेला, जांघेत ओली फडकी ठेवा. १०८ ला फोन झालेला असू द्या. मूल पूर्ण शुद्धीत असेल, स्वतः गिळत असेल तरच घोट घोट पाणी किंवा ओआरएस, अंगावर पिणारं बाळ असेल तर आईचं दूध. अर्धवट शुद्धीत असेल तर तोंडात काहीही घालू नका, ठसका लागून श्वासनलिकेत जातं, कुशीवर वळवून ठेवा. आणि तापाचं औषध देऊ नका, हा तो ताप नाही, त्याचा काही उपयोग होत नाही. नंतर मूल हुशार वाटलं तरी एकदा दवाखान्यात दाखवूनच घरी न्यायचं.

---

अभि_ठाणे

डॉक्टरांचं सगळं मान्य आहे पण मला दुसरी बाजूही मांडायचीये. मला दोन लहान मुलं आहेत. मोठ्या मुश्किलीने झोपलेलं पोर उठवून मेडिकलमध्ये न्यायचं, एका हातात ते, दुसऱ्या हातात पिशवी, रस्त्यावर फुटपाथ नाही, हे रोजचं आहे. एसी चालू ठेवून, गाडी लॉक करून, दुकानाच्या दारातून दिसेल अशी उभी करून दोन मिनिटं गेलो तर प्रत्येकाने पोलिस बोलवावेत का? मग तर आम्ही घराबाहेरच पडायला नको. लोकांनी मदत करावी, पण आईबापांना गुन्हेगार ठरवायची घाई करू नये एवढंच.

---

वकिली_कट्टा_नगर

अभि, तुमची अडचण खरी आहे पण एसी चालू ठेवायचा म्हणजे इंजिन चालू ठेवायचं, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम १२६ बघा, सार्वजनिक जागी गाडी उभी करून जायचं तर एक तर ड्रायव्हरच्या सीटवर लायसन्सवाला माणूस पाहिजे नाहीतर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला पाहिजे. त्यामुळे चालू गाडीत मूल ठेवून जाणं कायद्यानेही चुकतंच. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, चार वर्षांचं पोर पुढच्या सीटवर येऊन गिअर ओढू शकतं, पॉवर विंडोचं बटण दाबून मान अडकवून घेऊ शकतं, किंवा एसी काही कारणाने बंद पडतो आणि तुम्ही मेडिकलच्या रांगेत असता. अजून एक, चावी आत आणि गाडी आपोआप लॉक झाली असे प्रकार काय कमी होतात?

आता मुग्धाताईंचा मुख्य प्रश्न, काच फोडली तर केस होईल का. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, त्यातलं कलम १९ वाचा, जुन्या आयपीसीचं (भारतीय दंड संहितेचं) ८१. नुकसान होईल हे माहीत असूनही, गुन्ह्याचा हेतू नसताना, कुणाच्या जीवाला किंवा मालमत्तेला होणारं दुसरं नुकसान टाळण्यासाठी प्रामाणिकपणे केलेली गोष्ट गुन्हा ठरत नाही. शिवाय कलम ३०, म्हणजे जुनं ९२, एखाद्याच्या भल्यासाठी, त्याची किंवा त्याच्या पालकाची परवानगी घ्यायला वेळच नाही अशा परिस्थितीत केलेलं कृत्य. दुसऱ्याच्या गाडीचं नुकसान केल्याचं कलम आता ३२४ आहे, पण त्यातही नुकसान करायचा हेतू किंवा जाणीव बघतात आणि जीव वाचवायला फोडलेली काच त्यात बसवणं अवघड आहे. कुणी तक्रार देऊच शकत नाही असं मी म्हणणार नाही, तक्रार कुणीही देऊ शकतो. पण तुमची बाजू भक्कम कशाने होते तर आधी ११२ ला केलेला फोन, दोन साक्षीदार, दरवाजे ओढून बघितले होते हे, आणि मुलाची अवस्था खरंच वाईट होती हे. हे सगळं असेल तर निर्धास्त राहा.

एक गोष्ट इथे बरेच जण चुकीची सांगतात म्हणून लिहितो. 'गुड समॅरिटन' म्हणून जे संरक्षण आहे, मोटार वाहन कायद्यात २०१९ ला आलेलं १३४-अ, ते रस्ते अपघातातल्या जखमींना मदत करणाऱ्यांसाठी आहे. उभ्या गाडीतल्या मुलासाठी ते लागू होईलच असं धरून चालू नका, तुमचा आधार वरची दोन कलमं.

आणि आईबापांबद्दल, बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७५ आहे, ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने दुर्लक्ष करून मुलाला विनाकारण त्रास होईल असं वागलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पण हे तिथे पार्किंगमध्ये त्या माणसाच्या तोंडावर मारायचं हत्यार नाही. तेव्हा मूल महत्त्वाचं.

---

पाना_पक्कड_सांगली

मी गॅरेज चालवतो, काचेचं जरा सांगतो कारण लोक भलतंच काहीतरी करत बसत्यात.

पयलं म्हणजे चारी दरवाजं आणि डिकी ओढून बघा. लई वेळा एखादा उघडाच असतोय, मागचं चाईल्ड लॉक लावलं असलं तरी ते फक्त आतनं उघडत नाही, बाहेरनं उघडतंय. काच बोटभर खाली असंल तर पातळ हाताच्या माणसानं आत हात घालून लॉकचं बटण वर ओढायचा प्रयत्न करा, काठी, छत्री, तार काय मिळंल ते. दोन मिनिटात जमलं तर जमलं, नाहीतर सोडा.

पुढची मोठी काच फोडायला जाऊ नका. ती दोन काचांमधी प्लास्टिकचा थर घालून केलेली असती, तडे जातील पण भोक पडणार नाही आणि तुमचा जीव जाईल. बाजूच्या काचा टफन असत्यात, फुटल्या की बारीक बारीक दाणं होत्यात. मूल जिथं बसलंय त्याच्या सगळ्यात लांबची खिडकी धरा. मूल मागं डावीकडं असंल तर पुढची उजवीकडची. मारायचं मधोमध नाही, मधी काच वाकती आणि हात परत येतोय. खालच्या कोपऱ्यात, दरवाजाजवळ, टोकदार आणि कडक वस्तूनं. टॉमी म्हंजी लोखंडी दांडा, व्हील पाना, हातोडी, टोकाचा दगड. चपलेनं नाहीतर कोपरानं फुटत नाही, हात मोडून घ्याल. हाताला टॉवेल गुंडाळा आणि तोंड फिरवून मारा. फुटली की आत हात घालून लॉक उघडा, मुलाला खिडकीतनं ओढू नका, काचा लागत्यात. महागाच्या काही नव्या गाड्यांत पुढच्या बाजूच्या काचापण दोन थराच्या येत्यात, एक-दोन दणक्यात नुसतंच जाळं झालं तर मागची खिडकी बघा.

आणि काळी फिल्म. सुप्रीम कोर्टानं २०१२ लाच बंद केली तरी लोक लावून घ्यायला येत्यात, मी लावत नाही. फिल्म असली की आत मूल हाय का नाही बाहेरनं दिसतच नाही आणि फोडली तरी काच फिल्मला धरून लोंबकळत राहती.

काचेचं म्हणाल तर छोट्या गाडीची बाजूची काच दोन-चार हजारात बसती. एवढंच मनात धरून हात मागं घेऊ नका.

---

प्राची_ऑस्टिन

मी टेक्सासमध्ये राहते, इकडे हा विषय दर उन्हाळ्यात बातम्यांत असतो. अमेरिकेत वर्षाला सरासरी ३७ च्या आसपास मुलं गाडीत उष्णतेने दगावतात, २०१८ आणि २०१९ मध्ये ५३-५३ गेली, १९९८ पासून धरली तर हजाराच्या वर. टेक्सासमध्ये सात वर्षांखालचं मूल चौदा किंवा त्याहून मोठ्या कुणासोबत नसताना पाच मिनिटांपेक्षा जास्त गाडीत ठेवलं तर तो गुन्हा आहे. कॅलिफोर्नियात सहा आणि त्याखालच्या मुलांसाठी तसाच कायदा आहे, आणि तिथे २०२१ पासून मूल वाचवायला काच फोडणाऱ्याला कायद्याने स्पष्ट संरक्षण मिळालंय. अटी साध्या आहेत, गाडी लॉक असायला हवी, ९११ ला कळवलेलं हवं, गरजेपुरतीच तोडफोड, आणि मदत येईपर्यंत मुलाजवळ थांबायचं. आपल्याकडे असं सरळ लिहून दिलं तर वॉचमनसुद्धा घाबरणार नाही.

पण मला जे सांगायचंय ते वेगळं आहे. यातली निम्म्याहून जास्त मुलं कुणी मुद्दाम ठेवलेली नसतात, ती विसरलेली असतात. हो, आईवडील विसरतात, चांगले, प्रेमळ, हुशार आईवडील. साऊथ फ्लोरिडा युनिव्हर्सिटीतले डेव्हिड डायमंड यांनी यावर बरीच वर्षं काम केलंय. रोजच्या सवयीचं काम मेंदू आपोआप करतो, घर ते ऑफिस, आणि 'आज मधे डे-केअरला सोडायचंय' हे लक्षात ठेवणारा भाग वेगळा असतो. झोप झालेली नाही, रूटीन बदललंय, मूल मागे शांत झोपलंय, की सवय जिंकते आणि माणसाला मनापासून वाटतं की मी मुलाला सोडून आलोय. म्हणून मुग्धा, तू ज्याच्या गाडीपाशी उभी आहेस तो माणूस दुकानातून पाच मिनिटांत येणार आहे असं धरूच नकोस, कदाचित त्याला मूल गाडीत आहे हेच माहीत नाहीये आणि तो संध्याकाळी सहाला येणार आहे.

इथे डे-केअरवाले मूल आलं नाही तर लगेच फोन करतात, भारतातल्या पाळणाघरांनीही ही पद्धत घालून घ्यायला हवी असं मला फार वाटतं. आणि आम्ही ऑफिसची बॅग, आयडी कार्ड नेहमी मागच्या सीटवर मुलाच्या पायाशी ठेवतो, म्हणजे मागचा दरवाजा उघडल्याशिवाय कामच सुरू होत नाही.

---

वैदर्भीय_ऊन

प्राचीताई, तुमच्याकडे विसरलेली मुलं जास्त, पण आपल्याकडच्या ज्या बातम्या मले आठवतात त्यात पोरं स्वतःच गाडीत गेली होती. नागपूरचीच गोष्ट घ्या ना. जून २०२३, पाचपावली भागातली तीन पोरं, चार ते सहा वर्षांची, शनिवारी दुपारी खेळायला म्हणून घरातून निघाली ते परत आलीच नाहीत. अपहरण असंल म्हणून शोधाशोध झाली, सगळीकडे बघितलं, अन् दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घराजवळच उभ्या असलेल्या एसयूव्हीत तिघंही मरून पडलेली सापडली. घराजवळच होती हो. नंतर एप्रिल २०२४ मध्ये मुंबईत अँटॉप हिलला पाच अन् सात वर्षांची बहीणभाऊ, तीच गोष्ट, उभी गाडी. मे २०२५ मध्ये आंध्रात विजयनगरमजवळ द्वारपुडीला चार पोरं एकाच गाडीत मेली. पोरं खेळता खेळता उघड्या गाडीत शिरतात, दार लागते, आतून उघडता येत नाही, अन् वस्तीत दुपारी सगळे दार लावून झोपलेले.

मी तेव्हा नागपुरातच होतो, दोन दिवस लोकांच्या तोंडी दुसरं काही नव्हतं. तेव्हापासून मले एकच सांगावंसं वाटते की मूल दिसत नाही म्हटल्यावर पहिले पोलिस स्टेशनला पळायच्या आधी, किंवा एकाने तिकडे जावं अन् बाकीच्यांनी, आसपासची प्रत्येक गाडी उघडून बघावी, डिकीसकट. पाण्याची टाकी, हौद आपण बघतो, गाडी कोणी बघत नाही. गाडी बंद असंल, काळी काच असंल तरी कपाळ टेकवून, मोबाईलची बॅटरी लावून आत बघा. सीटच्या खाली पायाशी बघा, पोरं घाबरून, गरमीनं खाली उतरतात.

अन् गाडीवाल्यांनो, गाडी घराच्या अंगणात असली तरी लॉक करा ना! 'आपल्याच गल्लीत आहे' म्हणून उघडी सोडतात. चावी पोरांच्या हाती खेळायला देऊ नका. पोराला एक गोष्ट शिकवून ठेवा, गाडीत अडकला तर पुढच्या सीटवर ये अन् हॉर्न दाबत राहा, बऱ्याच गाड्यांचा हॉर्न चावीशिवाय वाजते. मी माझ्या पुतणीले बसवून शिकवलं, ड्रायव्हर साईडचं दार आतून कसं उघडायचं तेही. चार वर्षांची आहे, जमते तिले.

---

साक्रीकर

मुग्धाताईंचा शेवटचा प्रश्न कुणी घेतला नाही, मूल उचलताना लोकांनी चोर समजलं तर. मी धुळे जिल्ह्यातला आहे, साक्री तालुक्यातला, त्यामुळे ही भीती मला उगाच वाटत नाही. १ जुलै २०१८ ला आमच्याच तालुक्यात राईनपाड्याला पाच माणसांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने मारून टाकलं. आठवडी बाजाराचा दिवस होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती, मंगळवेढ्याकडची. व्हॉट्सॲपवर मेसेज फिरत होते एवढंच निमित्त. त्या गोष्टीची आठवण इथे अजून ताजी आहे आणि एकटा अनोळखी पुरुष परक्याच्या मुलाला हात लावताना दहा वेळा विचार करतो हे मला चूक वाटत नाही.

पण म्हणून निघून जाणं हा काही उपाय नाही. मी हे असं करा म्हणेन. पहिल्यांदा मोठ्याने ओरडून लोक बोलवा, 'इथे गाडीत बाळ आहे, कुणाची गाडी आहे' असं, म्हणजे तुम्ही काय करताय ते लपून राहत नाही. माणसाला बोट दाखवून काम द्या, नुसतं 'कुणीतरी फोन करा' म्हटलं तर कुणीच करत नाही. तुम्ही लाल शर्ट, ११२ लावा. तुम्ही दुकानात जाऊन गाडीचा नंबर माईकवरून सांगायला लावा. ताई तुम्ही इथे माझ्याजवळ थांबा. एखादी बाई बरोबर असेल तर मुलाला तिच्याच हातात द्या, मुलालाही बरं वाटतं आणि बघणाऱ्यालाही. ११२ वरचा फोन कट करू नका, स्पीकरवर ठेवा, आम्ही काच फोडतोय हे त्यांना ऐकू जाऊ दे, महाराष्ट्रात पोलिस, फायर, ॲम्ब्युलन्स तिन्ही त्याच नंबरवर मिळतात. मूल काढल्यावर गाडीपासून लांब कुठेही नेऊ नका, सगळ्यात जवळच्या सावलीत, सगळ्यांच्या नजरेसमोर. दवाखान्यात न्यायची वेळ आली तर एकट्याने नाही, दोघातिघांनी, आणि एक जण गाडीपाशी मागे राहून आईबापांना कुठे नेलंय ते सांगेल.

एकाने व्हिडिओ काढून ठेवावा, पोलिसांना दाखवायला. पण तो ग्रुपवर टाकू नका हो. त्या मुलाचा चेहरा, गाडीचा नंबर, आईची रडारड गावभर फिरते आणि ते कुटुंब आयुष्यभर त्यात अडकतं. शिवाय आईबाप आले की जमाव त्यांच्यावर धावून जातो, हे मी डोळ्याने बघितलंय एका जत्रेत, बापाची कॉलर धरली होती लोकांनी आणि पोर तिकडे बाजूला कुणी बघायला नाही. त्या वेळी बापाला ओढून मुलाजवळ आणायचं, पाणी ओतायला लावायचं. जाब पोलिस विचारतील.

---

अभि_ठाणे

प्राची आणि साक्रीकर, दोघांचं वाचून बोलतो. मूल काढणारा माणूस शिव्या न देता बोलला तर आईबाप ऐकतात, हे माझं अजूनही म्हणणं आहे. पण एसीचा मुद्दा मी सोडला, वकिलांचं बरोबर आहे. आमच्या इथल्या मेडिकलवाल्याला विचारलं तर तो म्हणाला गाडीतून फोन करा, मी पोऱ्याला काउंटरवरून बाहेर पाठवतो. असं आधीच विचारायला हवं होतं लोकांनी, बरेच दुकानदार तयार असतात.

---

मुग्धा_सिंहगडरोड

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं नीट उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. साक्रीकर, तुम्ही लिहिलेलं वाचून गलबलून आलं. नवऱ्याने गाडीत टॉमी सीटखाली आणून ठेवलीये, डिकीत होती आधी. आमच्या सोसायटीच्या मागे दोन जुन्या गाड्या वर्षानुवर्षं धूळ खात उभ्या आहेत, एकीचं मागचं दार नुसतं ओढलं की उघडतं आणि पोरं तिथेच लपाछपी खेळतात, नागपूरचं वाचल्यावर मी आत्ता जाऊन ते दार दोरीने बांधून आले. त्या गाड्यांचं काय करता येईल? आणि डॉक्टर, अजून एक, बेसमेंट पार्किंगमध्ये ऊन नसतं तर तिथे मूल बसवलं तर चालतं का, हे सोसायटीतल्या एकीने विचारलंय.

---

वकिली_कट्टा_नगर

गाड्यांचे मालक सापडत असतील तर सोसायटीच्या लेटरहेडवर लेखी द्या, आठ दिवसांत हलवा किंवा निदान लॉक करा. सापडत नसतील आणि गाडी रस्त्यावर असेल तर महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसला आणि ट्रॅफिक पोलिसांना बेवारस वाहन म्हणून अर्ज करा, फोटो आणि नंबर जोडून, पोच घ्या. अर्जात 'लहान मुले आत अडकण्याचा धोका' हे शब्द मुद्दाम लिहा. तोपर्यंत दोरी चालेल पण डिकीसुद्धा बांधा.

---

डॉक_जळगाव

बेसमेंटला ऊन नसतं म्हणून तापायचा वेग कमी, पण एकटं बसवू नका. तिथे लोक एसीसाठी इंजिन चालू ठेवतात आणि हवा खेळती नसली तर धुरातला कार्बन मोनॉक्साईड साठतो, त्याला वास नाही, रंग नाही, मूल झोपल्यासारखंच दिसतं. त्यात बेसमेंटमध्ये येणारी-जाणारी माणसं कमी, म्हणजे मुग्धाताईंसारखं कुणी डोकावून बघायची शक्यताही कमी. तिथे बेशुद्ध मूल सापडलं तर काढून पहिल्यांदा वर मोकळ्या हवेत आणायचं, तुम्हीही आत रेंगाळू नका, आणि १०८ ला सांगताना गाडी चालू होती हे आवर्जून सांगा, म्हणजे ते ऑक्सिजन तयार ठेवून येतील.